ट्रॅक्टरचं ऑइल तारखेवर नाही, तासांवर बदला

उन्हाळी नांगरट उरकत आली. पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत ट्रॅक्टरच्या मीटरवर किती तास झालेत ते बघा आणि मागचं इंजिन ऑइल किती तासांवर बदललं होतं ते आठवा.

बहुतेकांना आठवत नाही. "दरवर्षी दिवाळीला बदलतो की" असंच उत्तर मिळतं. बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत *२५० तास* दिलेले असतात (काही नवीन मॉडेलना जास्त, आपली पुस्तिका बघा). भाड्याने नांगरट करणारा रोज आठ तास चालवतो. त्याचे २५० तास महिनाभरातच भरतात! घरच्या चार-पाच एकरापुरताच चालणाऱ्या ट्रॅक्टरचे वर्षात तेवढे तास होत नाहीत, तरी वर्षातून एकदा बदलाच. उभ्या ट्रॅक्टरमध्येही ओलाव्याने ऑइल खराब होतं.

कमी झालं की वरून अर्धा लिटर ओतायचं, याला बदलणं म्हणत नाहीत. पातळी भरते, पण आतली काजळी आणि धातूचा कीस तसाच फिरत राहतो. रंगावरही जाऊ नका, डिझेल इंजिनात नवं ऑइलसुद्धा लवकर काळं पडतं. मात्र पट्टीवर ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी आपोआप वाढली, तर आत पाणी किंवा डिझेल मिसळतंय. मग ट्रॅक्टर चालूच करू नका, मिस्त्रीला बोलवा.

आमच्या घरी ऑइल वेळेवर बदलायचो, पण एअर क्लीनरकडे कुणी बघितलं नाही. रोटाव्हेटरच्या धुळीने खालच्या वाटीतल्या ऑइलचा चिखल झाला होता. धूळ थेट इंजिनात गेली, लायनर-पिस्टन घासले आणि ऐन पेरणीत इंजिन खोलावं लागलं. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने केली, तीही आठ दिवस उशिरा. म्हणून धुळीच्या कामात ती वाटी रोज उघडून बघा.

ऑइल काढताना इंजिन थोडं गरम असू द्या, म्हणजे गाळ सोबत निघतो. फिल्टर नवाच टाका, जुना धुऊन परत लावू नका. नवं भरल्यावर पाच मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थांबून पट्टी बघा. जळकं ऑइल बांधावर ओतू नका, जनावरांच्या जखमेला तर अजिबात लावू नका. कॅनमध्ये साठवा.

शेवटी बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने मीटरचा आकडा लिहून ठेवा. फिल्टर एकत्र मागवायचे आहेत, ज्यांना हवेत त्यांनी ट्रॅक्टरचं मॉडेल शनिवारपर्यंत याच नंबरवर कळवा.