ठिणगीची वेळ

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, 1974 पासून पद्मिनी या नावाने मिरवणारी 1089 सीसीची फियाट ज्या गृहस्थाने आजवर जिवापाड सांभाळली आहे, त्याला मोताळ्याकडून बुलढाण्यास येताना चढावा लागणारा राजूरचा घाट चांगलाच परिचित असतो; कारण सपाटीवर झाकून जाणारी ठिणगीच्या वेळेची चूक तेथे, वरच्या गिअरात अॅक्सिलरेटर दाबताच, इंजिनातील खडखडाटाने उघडी पडते.

सिलिंडरातील मिश्रण पेटून त्याचा पुरता दाब निर्माण होण्यास किंचित अवधी लागत असल्याने पिस्टन माथ्याशी पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते, आणि ती किती अंश आधी पडावी हे मुक्रर करणे म्हणजे टायमिंग. मिनिटाला 3,000 फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात एक अंश म्हणजे सेकंदाचा 18,000 वा भाग! चार सिलिंडरांच्या मिळून सेकंदाला 100 ठिणग्यांचा हा कारभार अनेक दशके डिस्ट्रिब्युटरमधील एका चिमुकल्या पॉइंटजोडीकडे होता. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होई, फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडे, आणि मिस्त्रीला पुन्हा फीलर गेज काढावा लागे.

पॉइंट व कंडेन्सर काढून त्यांच्या जागी चुंबकाचे कडे आणि एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा संवेदक बसवला, म्हणजेच इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक रूपांतर केले, की झिजेची ही तक्रार संपते. मात्र ‘डिस्ट्रिब्युटर जागचा हलवलाच नाही, मग टायमिंग कसे बदलेल?’ हा युक्तिवाद फसवा आहे. पॉइंट ज्या क्षणी उघडत, नेमक्या त्याच क्षणी संवेदक इशारा देईल याची हमी कोणी दिलेली नसते. पॉइंटच्या काळी बल्ब जोडून, इंजिन बंद ठेवून टायमिंग लावण्याची वहिवाट होती. तीही येथे भरवशाची नाही.

म्हणून पुलीवरील खूण खडूने पांढरी करावी, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरीला लावावा आणि इंजिन मंद चालवावे. प्रकाशाच्या झटक्यांत फिरती खूण जागीच थबकल्यासारखी दिसते. मग क्लॅम्पचा बोल्ट किंचित ढिला करून डिस्ट्रिब्युटर हलक्या हाताने फिरवावा; त्याचा एक अंश क्रँकचे दोन अंश होतात, हे ध्यानी असू द्यावे. खूण मॅन्युअलमधील अंशावर आली की बोल्ट कसावा आणि इंजिनाची गती वाढवून ती खूण सलग पुढे सरकते की अडखळते, हे पाहावे. ती अडखळली, तर दोष आतील वजने, स्प्रिंगा वा झिजलेल्या बुशाचा. त्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा इलाज चालत नाही.

रूपांतरानंतर गाडीत जो तजेला आल्याचे सांगतात, त्याचे बरेचसे श्रेय, माझ्या मते, कित्येक वर्षांनी प्रथमच नीट लावलेल्या टायमिंगला आहे.

व्हॅक्यूमची नळी जोडून अखेर घाट चढावा आणि खडखड ऐकू आल्यास ठिणगी एखाद्या अंशाने मागे घ्यावी. जुने पॉइंट व कंडेन्सर मात्र फेकू नयेत, डिकीत ठेवावेत. संवेदकाचे मॉड्यूल पूर्वसूचना न देता बंद पडते, आणि बुलढाण्याजवळच्या बोथ्याच्या जंगलात ते मिळणार नाही. पॉइंट बसवून घर गाठता येते. घरी पोहोचल्यावर टायमिंग लाइट पुन्हा काढायचाच आहे.