नुसत्या वाढ्यांवर गाय दूध देत नाही

परवा आत्याच्या गोठ्यात गेलो. तीन संकरित गाई आणि पुढ्यात नुसते उसाचे वाढे. "उन्हाळ्यात दुसरं काय घालू रे?" आत्या म्हणाली.

वाढ्यांनी पोट भरतं. पण त्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हे कॅल्शियम शेणावाटे निघून जातं. दुभत्या गाईला नेमकं तेच हवं असतं! वाढे घालावेच लागले तर चुन्याची निवळी शिंपडा, दुसऱ्या चाऱ्यात मिसळा.

खरी सोय आधीच करायची, ती म्हणजे मुरघास, हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा.

त्यासाठी मी 'आफ्रिकन टॉल' मका लावतो. कणीस चिकात आलं की, साधारण 75-80 दिवसांनी, कापतो. लवकर कापला तर पाणी जास्त राहून सडतो. उशीर झाला तर ताटं वाळतात आणि दाबली तरी हवा निघत नाही.

बारीक कुट्टी करून पिशवीत थराथराने तुडवायची. सगळी मेहनत इथेच आहे. पहिल्या वर्षी मी घाई केली आणि अख्खी पिशवी बुरशीने गेली. तोंड घट्ट बांधून 45 दिवस हात लावायचा नाही.

चांगला मुरघास हिरवट-पिवळा दिसतो, वास आंबूस-गोड येतो. काळा पडलेला किंवा बुरशीचा जनावराला घालू नका.

रोजच्या हिरव्यासाठी थोडं संकरित नेपिअर लावा. राहुरी कृषी विद्यापीठाचं 'फुले जयवंत' चांगलं आहे. जोडीला प्रथिनांसाठी लसूणघास हवाच.

तुमच्याकडे किती जनावरं आणि पाणी किती, ते कमेंटमध्ये लिहा. चाऱ्याचा हिशेब मिळून मांडू.