पेपरला तास वाढला, वर्षभराचं काय?

तीन तासांचा पेपर चार तासांत लिहायचा, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापायचे नाहीत, गरज असेल तर रायटर घ्यायचा. कॉलेजच्या ऑफिसात ‘एलडीचं सर्टिफिकेट’ दाखवलं की या सवलती मिळतात. निदान मिळायला हव्यात. एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अर्थात अध्ययन अक्षमता. वाचताना अडखळायला होत असेल तर डिसलेक्सिया, लिहिताना हात आणि विचार यांचा मेळ बसत नसेल तर डिसग्राफिया, आकड्यांशी झगडा असेल तर डिस्कॅलक्युलिया. एकाच विद्यार्थ्यात यातल्या दोन-तीन अडचणी एकत्र असणं नवलाचं नाही. बुद्ध्यांक सर्वसाधारण आहे याची खात्री केल्याशिवाय हे निदान होतच नाही. तरीही शाळेत बसलेला ‘ढ’ हा शिक्का कॉलेजातही पुसला जात नाही.

सवलती देण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. १९९६ पासून दहावीच्या अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि दुसऱ्या भाषेतून सूट मिळू लागली. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि कार्यानुभव घेण्याची मुभाही मिळाली. महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. ‘तारे जमीं पर’ आला २००७ मध्ये, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी. देशाच्या कायद्याला आणखी वेळ लागला. १९९५ च्या कायद्यातल्या सात अपंगत्वांत अध्ययन अक्षमता नव्हती; २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आली. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. पेपरला तासामागे किमान वीस मिनिटं जादा देण्याच्या सूचना केंद्राने २०१८ मध्ये काढल्या.

नियम कागदावर असला तरी परीक्षाकेंद्रावरच्या माणसाला तो ठाऊक असावा लागतो. २०२१ च्या ‘नीट’मध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास मिळालाच नाही, वेळ संपल्याचं सांगून तिची उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही, पण तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य करून तो कसा दूर करणार ते ठरवायला परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती: लिहिण्यात खरोखर अडचण असेल, तर दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांपेक्षा कमी आहे एवढ्या कारणाने रायटर नाकारता येणार नाही.

हे सगळं झालं परीक्षेचं. आणि दुखणं नेमकं इथेच आहे. आपल्याकडे ‘मदत’ म्हटली की ती परीक्षेपाशी सुरू होते आणि परीक्षेपाशीच संपते.

सायन्सच्या मुलांची जर्नलं पाहा. प्रत्येक प्रॅक्टिकल हाताने, सुवाच्य अक्षरात उतरवायचं, आकृत्या काढायच्या, सही घ्यायची. इंजिनीअरिंगला असाइनमेंट आणि सबमिशन. डिसग्राफिया असलेला मुलगा प्रयोग नीट करतो, तोंडी परीक्षेत धडाधड उत्तरं देतो आणि जर्नल अपुरं म्हणून अडकतो. तेच जर्नल टाइप करून घेतलं तर विज्ञानाचं काय बिघडतं? ही सूट द्यायला अनुदान लागत नाही, नवी इमारतही लागत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंचसं सरळ असल्यामुळे डिसलेक्सिया असलेलं मूल चुकीचं वाचण्यापेक्षा हळू वाचतं. जोडाक्षरांवर अडखळतं, पण पाठांतराच्या बळावर निभावून नेतं. कॉमर्सला किंवा इंजिनीअरिंगला एकदम इंग्रजी पुस्तकं हातात आली की सगळं कोसळतं आणि ‘इंग्रजी कच्चं आहे’ असं म्हणून विषय संपवला जातो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही चाचणी आणली. ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मुलाला त्याच्या भाषेत तपासता येणं ही साधी सोय नव्हे.

वर्गातली मदत मात्र बहुधा साधीच असते. नोट्स तासाच्या आधी फाइलमधून देणं, तास रेकॉर्ड करू देणं, मोठ्या प्रकल्पाचे तुकडे करून प्रत्येकाची वेगळी तारीख ठरवणं. मजकूर वाचून दाखवणारी सोय आता फोनमध्येच असते, मराठीसकट. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदाही दिव्यांगांसाठी पुस्तक सुगम स्वरूपात आणायला परवानगी देतो. प्रिंट वाचता न येणाऱ्यांच्या पुस्तकांसाठी झालेला माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ ऑनलाइन आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून चालतं, त्यामुळे कॉलेजने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं हे पाहायला परदेशात जावं लागत नाही.

रायटरची मदतही अशीच परीक्षेपुरती राहते. स्वतःचा रायटर आणायचा तर तो शिक्षणात एक पायरी खालचा असावा असं २०१८ च्या सूचनांत म्हटलं होतं. मग अकाउंट्सच्या पेपरला ‘डेप्रिसिएशन’ कधी न ऐकलेला मुलगा शेजारी बसतो आणि मिळालेला तास स्पेलिंग सांगण्यात जातो. शिवाय उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगणं हे वेगळंच कसब आहे. ते परीक्षेच्या आदल्या दिवशी येत नाही. सराव हवा, आणि तोही चाचणी परीक्षांपासून.

शाळेत हे सगळं आई-बाबा आणि विशेष शिक्षक पाहत होते. कॉलेजात मुलाला स्वतः बोलावं लागतं आणि बरेच जण बोलतच नाहीत. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारा: समान संधी कक्ष आहे का, त्याचं काम कोण पाहतं? अठराव्या वर्षी प्रमाणपत्र पुन्हा तपासून घ्या. सवलतीचा अर्ज हॉलतिकीट येईपर्यंत न थांबता पहिल्याच महिन्यात द्या आणि पोच घ्या. कॉलेजने दाद दिली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे लेखी तक्रार करता येते.