एनव्हिडिया : यंत्र आणि त्यामागचे हात



धाराशिवच्या व्याख्यानमालेत अमेरिकेतल्या एका कंपनीविषयी, आणि तेही कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या यंत्रामुळे आपल्या मुलाबाळांच्या कामाचे स्वरूप पालटणार आहे, ते यंत्र समजून घेण्याचा हक्क केवळ इंजिनिअरांचा नाही.

'एनव्हिडिया' ही कंपनी १९९३ साली कॅलिफोर्नियात जेन्सन ह्वांग, ख्रिस मालाचोव्स्की व कर्टिस प्रीम या तिघांनी स्थापन केली. संगणकावरील खेळांतली चित्रे झपाट्याने उमटविणारी ग्राफिक्स कार्डे हा तिचा मूळ धंदा. जुलै २०२५ मध्ये तिचे बाजारमूल्य चार लाख कोटी डॉलरांवर गेले. तोवर जगातील कोणत्याही कंपनीने हा आकडा गाठला नव्हता. चित्रे काढणाऱ्या कार्डात असे आहे तरी काय ?

संगणकाच्या पडद्यावरील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. साधारण पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलावयाचे, तर दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार दिवाणजीसारखा असतो. अवघड हिशेब तो चटकन करील, पण एका वेळी मोजकेच. आता खुरपणी आठवा. एकटा गडी कितीही तरबेज असला, तरी दहा एकरांचे रान एका दिवसात खुरपीत नाही. पन्नास बायाबापड्या एकेक पात धरून एकदम निघाल्या, की दिवस मावळायच्या आत रान साफ होते. ग्राफिक्स कार्डात हीच युक्ती आहे. कंपनीच्या ए-१०० या २०२० सालच्या चिपमध्ये लहान लहान हिशेब करणारे ६,९१२ घटक आहेत, आणि ते एकाच वेळी राबतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम म्हणजे तरी मुळात असंख्य गुणाकार व बेरजाच. म्हणून खेळाचे कार्ड तेथे कामी आले.

ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक देण्यास नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली, आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही, तर अनेक लहान एकत्र जोडा, हेच त्याचे सूत्र. पुढे २०२० साली सी-डॅकने 'परम सिद्धी' हा महासंगणक उभारला, त्यात मात्र एनव्हिडियाची ए-१०० कार्डे बसविली. जोडणी आपली, पण कार्डे बाहेरची, ही वस्तुस्थिती आपण नजरेआड करू नये.

आणि एनव्हिडिया तरी ती स्वतः बनविते काय ? नाही. ती आराखडा करते. पुण्यातही तिचे इंजिनिअर काम करतात. चिप मुख्यतः तैवानमधल्या टीएसएमसी या कंपनीच्या कारखान्यात घडते, आणि स्मृतीच्या चिपा दक्षिण कोरियातून येतात. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या पगारपत्रकावर सुमारे ३६,००० माणसे होती. परंतु तिच्या मालासाठी राबणारे कितीतरी हात त्या पत्रकाबाहेरचे आहेत. नाव एकाचे, घाम अनेकांचा, हा प्रकार कामगारांस अपरिचित नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या दुष्काळी जिल्ह्याने विशेष ध्यानात घ्यावी. चिप धुण्यासाठी अतिशय शुद्ध पाणी लागते, आणि तेही भरपूर. २०२१ साली तैवानात अवर्षण पडले, तेव्हा सरकारने हजारो हेक्टर शेतीचे पाणी तोडले, शेतकऱ्यांना भरपाई दिली आणि कारखाने चालू ठेवले. टीएसएमसीने तर टँकरही मागविले. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले ज्यांनी पाहिले, त्यांना याचा अर्थ फोडून सांगावयास नको. भरपाई मिळाली हे बरेच झाले. पण पाणी कोणाचे, हे ठरविताना शेतकरी कोठे होता?

मग यंत्राला विरोध करावा काय ? माझे मत तसे नाही. संगणक बँकांच्या दारी आला, तेव्हा कर्मचारी संघटनांनी आधी कडवा विरोध केला. पण १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशनशी वाटाघाटी करून यंत्रीकरणाविषयी करार केला. संगणक आला, पण त्याच्या अटी ठरविताना कर्मचारी मेजाच्या पलीकडे बसलेला होता. आज पतसंस्थेच्या, साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात किंवा कचेरीच्या टंकलेखन विभागात कृत्रिम बुद्धिमत्ता येऊ घातली आहे. ती येण्यापूर्वी विचारावे : कोणाचे काम जाणार, त्याला नवे काम कोण शिकविणार, आणि वाचलेल्या वेळेचा व पैशाचा वाटा कोणाला मिळणार ? ही उत्तरे लेखी घ्यावीत, आणि यंत्र बसण्याच्या आधी घ्यावीत.

एकट्या घटकाची शक्ती थोडी, पण हजारो एकदम कामाला लागले की डोंगर हलतो, हे त्या कार्डातल्या चिपेने सिद्ध केले आहे. माणसांच्या बाबतीत ते आपण फार पूर्वीपासून सांगत आलो आहोत.