मनातील गर्दी आणि वितर्कांची वाटणी

‘वंदनेला बसतो, पण मन जागेवर नसते,’ ही तक्रार आपल्या उपासक-उपासिकांकडून वारंवार ऐकू येते. नावडे, तळोजा, कळंबोली या पट्ट्यात तिचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. घरातील एक जण तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. पाळी बदलली की झोपेची वेळ बदलते. दुसरा नावडे रोड स्थानकावर दिवा–पनवेल मार्गावरील मोजक्या गाड्यांपैकी एखादीची वाट पाहत उभा असतो. घराचा हप्ता, मुलांचे शिक्षण, गावाकडील वृद्ध आईवडील, आणि भरीस भर म्हणून मोबाईलवर अखंड येणारे निरोप. अशा मनाला नुसते ‘शांत हो’ म्हणणे व्यर्थ आहे.

मन रिकामे करावे, असा उपदेश हल्ली पुष्कळ होतो. भगवान बुद्धांचा मार्ग मन रिकामे करण्याचा नसून मनातील विचारांची वाटणी करण्याचा आहे, असे आम्हांस वाटते. मज्झिम निकायातील द्वेधावितक्क सुत्तात तथागत आपला संबोधीपूर्वीचा अनुभव सांगतात. त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले. एका भागात कामवासनेचे, द्वेषाचे आणि हिंसेचे विचार. दुसऱ्या भागात त्याग, अद्वेष आणि अहिंसा यांचे. कसोटी साधी होती: हा विचार मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा देणारा आहे काय? याच सुत्तात गुराख्याचा दृष्टांत येतो. शेतात पीक उभे असते तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरे आवरावी लागतात. पीक घरी आले की तो झाडाखाली बसतो आणि गुरांवर नुसती नजर ठेवतो. गुरे तीच, गुराखीही तोच. केव्हा आवरायचे आणि केव्हा पाहायचे, हे मात्र त्याला कळते.

येथे एक शंका आमच्या वाचकांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. अपमानाची आठवण, अन्यायाची चीड, हे सारे मनातील कचराच समजावयाचे काय? तसे असेल तर धम्म म्हणजे सोशिकपणाचा धडा ठरेल. या शंकेचे उत्तर आपल्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला मिळते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला झाला. प्रतिकारास लोक सिद्ध होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्या दिवशी सूडाचा विचार बाजूला ठेवला गेला, अन्यायाचा मात्र सोडला गेला नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याचा खटला १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत लढवला गेला. धम्मदीक्षेच्या पुष्कळ आधीची ही घटना आहे. तरीही वितर्कांची वाटणी म्हणजे काय, हे सांगण्यास यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हांस सुचत नाही. जो विचार कृती मागतो त्याला कृतीची जागा द्यावी; जो केवळ जाळतो त्याला आवरावे.

रोजच्या जीवनात याचा उपयोग कसा करावा? रात्री निजण्यापूर्वी वही घेऊन पानाच्या मधोमध एक रेघ मारावी. एका बाजूस ज्यावर काही करता येईल ते लिहावे: कोणाला अर्ज द्यावयाचा, कोणाची क्षमा मागावयाची, हप्त्याची तारीख कोणती. दुसऱ्या बाजूस नुसते घोळत राहणारे विचार. पहिल्या बाजूच्या एका तरी गोष्टीपुढे दुसऱ्या दिवसाची वेळ घालावी. कागदावर उतरलेले काम रात्रभर डोक्यात धरून ठेवावे लागत नाही.

शील आणि शांत मन यांचा संबंध आपण पुरेसा लक्षात घेत नाही. अंगुत्तर निकायात आनंद विचारतात, कुशल शीलाचे प्रयोजन काय? तथागतांचे उत्तर आहे: अविप्पटिसार, म्हणजे पश्चात्तापाचा अभाव. खोटे बोलणाऱ्यास आपण कोणाला काय सांगितले हे लक्षात ठेवावे लागते. मद्य घेणाऱ्यास सकाळी आदल्या रात्रीचा हिशेब द्यावा लागतो. मनातील अर्धी गर्दी अशी असते. पंचशील घाईने म्हटले तर पाठांतर होते, जाणून पाळले तर तेवढे ओझे कमी होते.

संगारव नावाच्या ब्राह्मणाने विचारले होते की, पुष्कळ दिवस पाठ केलेले मंत्रदेखील कधी कधी का आठवत नाहीत. परीक्षेस बसणाऱ्या मुलांच्या पालकांनाही हाच प्रश्न पडतो. तथागतांनी पाण्याच्या पाच उपमा दिल्या. रंग मिसळलेले, उकळणारे, शेवाळाने झाकलेले, वाऱ्याने हलणारे आणि अंधारात ठेवलेले गढूळ पाणी; यांपैकी कोणत्याही पाण्यात मुख दिसत नाही. हीच पाच नीवरणे होत. कासाडी नदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पहिली उपमा समजावून सांगावी लागत नाही. चौथी उपमा चंचल आणि पश्चात्तापी चित्ताची आहे. घासागणिक मोबाईल पाहणाऱ्याच्या मनात हा वारा थांबतच नाही. म्हणून दिवसातून एक जेवण तरी मोबाईल दूर ठेवून करावे.

वितक्कसंठान सुत्तात वेगाने चालणाऱ्या माणसाचे उदाहरण आहे. आपण इतक्या वेगाने का चालतो, असे त्याच्या मनात येते आणि तो सावकाश चालतो. मग उभा राहतो, बसतो, शेवटी आडवा होतो. पाळी सुटल्यावर फाटकापासून घरापर्यंतचे शेवटचे शंभर पाय असे सावकाश टाकून पाहावेत. घरच्यांना त्यामुळे थोडा कमी चिडलेला माणूस भेटेल.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या अनेक विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. रात्रपाळीच्या माणसाला त्या वेळी येता येत नाही. त्याने सकाळी घरी एक पान मोठ्याने वाचावे. एक पान पुरे, पण दुसरे काही न करता. मुले ऐकत असतील तर त्यांना मध्येच प्रश्न विचारू द्यावेत, आणि उत्तर येत नसेल तर तो प्रश्न वहीत पहिल्या बाजूस लिहून रविवारी विहारात न्यावा.