वर्कहाऊसच्या वह्यांतील पूर्वज

थोरामोठ्यांच्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापले जातात. गरिबांचा कुलवृत्तांत कोणी लिहीत नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे, व तो पुष्कळ अंशीं खराही आहे. परंतु इंग्लंडच्या इतिहासांत यास एक चमत्कारिक अपवाद आढळतो. ज्या संस्थेचें नांव काढतांच तेथील गरिबांच्या अंगावर कांटा उभा राही, त्याच संस्थेनें त्यांचीं नांवें, वयें व धंदे इतक्या बारकाईनें टिपून ठेविले कीं, आज त्यांचे पणतू व खापरपणतू त्या वह्यांतून आपल्या पूर्वजांचा माग काढीत आहेत. ती संस्था म्हणजे वर्कहाऊस. हा माग कसा काढतात व त्यांतून काय हातीं लागतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, असा आमचा हेतु आहे.

प्रथम वर्कहाऊस म्हणजे काय तें पाहूं. निराधारांस पोसण्याचा भार इंग्लंडांत १६०१ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील वस्तीवर, टाकिला होता. पुढें हा खर्च फार वाढला, तेव्हां १८३४ सालीं नवा कायदा झाला. अनेक पॅरिश मिळून एक युनियन करावें, निवडून दिलेल्या पालकमंडळानें त्याचा कारभार पहावा, आणि धडधाकट माणसास मदत हवी असल्यास त्यानें वर्कहाऊसमध्यें येऊन रहावें, असें धोरण ठरलें. आंतील जिणें बाहेरच्या गरिबांतल्या गरीब मजुराच्या जिण्याहून सुखाचें असूं नये, हें त्याचें मूलतत्त्व होतें. म्हणून आंत पाऊल टाकतांच नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे व मुलें तिसरीकडे अशी ताटातूट होई. अंगावरचे कपडे काढून संस्थेचे कपडे दिले जात. खडी फोडणें, जुने दोर उकलून त्यांचे तंतू काढणें, असलीं कामें करावीं लागत. अँडोव्हर येथें तर खतासाठीं कुटावयास दिलेलीं हाडें भुकेले लोक चघळीत असत, असें १८४५ सालीं उघडकीस आलें व पार्लमेंटास चौकशी करावी लागली. पालकमंडळें १९३० सालीं बंद झालीं, आणि १९४८ च्या कायद्यानें ही जुनी पद्धति अजीबात संपली.

आतां शोधाची रीत. ठाऊक असलेल्या माणसापासून आरंभ करावा व एकेक पिढी मागें जावें. इंग्लंड व वेल्समध्यें जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून सुरू झाली. या दाखल्यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. वर्कहाऊसमध्यें जन्मल्याचा डाग मुलास जन्मभर बाधूं नये, म्हणून १९०४ पासून दाखल्यावर संस्थेचें नांव न घालतां नुसता रस्ता व घरक्रमांक घालण्याची वहिवाट पडली. यामुळें एखादा साधा दिसणारा पत्ता जुन्या नकाशाशीं ताडून पाहतां वर्कहाऊसचा निघतो. दाखल्यांनंतर खानेसुमारी पहावी. १८४१ पासून तींत माणसांचीं नांवें सांपडतात. मात्र वर्कहाऊसच्या कागदांत कधीं कधीं नुसतीं आद्याक्षरेंच असतात. १९२१ चे कागद २०२२ सालीं खुले झाले. १९३१ चे १९४२ सालीं आगींत जळून गेले.

युनियन कोणतें हें कळलें म्हणजे त्या काउंटीच्या दफ्तरखान्यांत जावें. तेथें दाखल होणारांची व सोडून जाणारांची वही असते. तींत तारीख, नांव, वय, धंदा, कोणत्या पॅरिशमधून आला व कां आला, हें लिहिलेलें सांपडतें. १८६९ पासून धर्मपंथाची निराळी वही ठेवूं लागले. तींत नांवें बहुधा आद्याक्षरांच्या क्रमानें लाविलेलीं असल्यामुळें शोधणारास तीच सर्वांत सोयीची पडते. शिवाय पालकमंडळाच्या सभांचीं इतिवृत्तें आहेत, शिक्षांच्या वह्या आहेत, आणि लंडनमध्यें क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत युनियनांचा वरिष्ठ अधिकाऱ्यांशीं झालेला पत्रव्यवहार आहे. सर्वच वह्या टिकल्या नाहींत, हेंही खरें.

या वह्यांतील एक नांव आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहे. १८९६ सालीं एक निर्धन आई आपल्या दोन मुलांसह लंडनच्या वर्कहाऊसमध्यें दाखल झाली. थोड्याच आठवड्यांत मुलांची रवानगी हॅनवेल येथील गरीब मुलांच्या शाळेंत झाली. त्यांतील धाकटा, सात वर्षांचा मुलगा म्हणजे पुढें साऱ्या जगास हंसविणारा चार्ली चॅप्लिन. १९७५ सालीं राणीनें त्यास ‘सर’ ही पदवी दिली.

परंतु प्रसिद्ध न झालेल्या माणसांच्या ओळी आम्हांस अधिक बोलक्या वाटतात. वर्कहाऊसमध्यें गेलेला मनुष्य आळशी किंवा दुर्गुणी असावा, असें त्या काळीं सरसकट मानीत, आणि लाजेनें घरोघरीं ही गोष्ट पिढ्यानुपिढ्या दडविली गेली. वही उघडून पहावी तों धंद्याच्या रकान्यांत शेतमजूर, मोलकरीण, शिंपी, विणकर. आणि कारणाच्या रकान्यांत आजार, म्हातारपण, पतिनिधन, बेकारी! वर्कहाऊस हा तुरुंग नव्हता. थोड्या तासांची सूचना देऊन बाहेर पडतां येई. म्हणून कित्येक ओळींच्या शेवटीं ‘स्वतःच्या इच्छेनें गेला’ असा शेरा आहे. हिंवाळ्यांत काम बुडालें म्हणून आंत आला, आणि वसंतांत काम मिळतांच बाहेर पडला, असा तो माणूस! कांहींचा माग मात्र मृत्यूच्या वहीशींच थांबतो. ज्या प्रेतावर कोणी हक्क सांगितला नाहीं, तें १८३२ च्या कायद्यान्वयें वैद्यकीच्या विद्यार्थ्यांस शरीर-विच्छेदनासाठीं देतां येई. त्यामुळें थडगें सांपडेलच असें नाहीं. त्यांची आठवण म्हणून उरली ती एवढी एक ओळच.

ती ओळ ज्यास सांपडते त्यानें खालीं मान घालण्याचें कांहींच कारण नाहीं. मान खालीं घालावयाचीच, तर ज्यांनीं भुकेलेल्यास भाकरीबरोबर अपमानही वाढला त्यांनीं घालावी. विद्यार्थी मित्रहो, आपल्या आजाआजींस त्यांच्या हलाखीच्या दिवसांविषयीं विचारा व तें लिहून ठेवा. आपणांपर्यंत जीवन पोंचविण्यासाठीं कोणी काय सोसलें, हें जाणणें हेंही शिक्षणच होय.