प्लेटमागे बसणारे

जिम लेलँड १९६४ ते १९७० या काळात डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल क्लबच्या मायनर लीग संघांतून कॅचर म्हणून खेळले. फलंदाजीची सरासरी ०.२२२, म्हणजे नऊ संधींत जेमतेम दोन यशस्वी फटके. डबल-एच्या वरची पायरी त्यांनी कधी चढली नाही, मेजर लीगचा एकही सामना खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला आला नाही. नुसते आकडे पाहिले तर ही कारकीर्द वायाच गेली. पण याच लेलँड यांना २०२४ मध्ये मॅनेजर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान मिळालं. १९९७ मध्ये त्यांच्या हाताखाली फ्लोरिडा मार्लिन्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, पुढे २००६ आणि २०१२ मध्ये त्यांनी टायगर्सला अंतिम लढतीपर्यंत नेलं. माझं म्हणणं असं, की मायनर लीगमध्ये राहून गेलेला कॅचर म्हणजे वर न पोहोचलेला खेळाडू, एवढीच त्याची ओळख पुरेशी नाही. बेसबॉलची जाण मोठ्या प्रमाणात त्याच्याच जागेवर तयार होते.

त्याचं रोजचं काम पाहिलं की हे पटतं. आपल्या यष्टिरक्षकासारखा तो फलंदाजाच्या मागे बसतो, पण पिचरने कोणता चेंडू टाकावा हे बहुधा तोच सुचवतो. मैदानात उतरलेल्या नऊ जणांपैकी बाकीच्या आठांचं तोंड प्लेटकडे असतं. सगळं मैदान समोर ठेवून बसलेला तो एकटा. चेंडू मातीत आपटणार असं दिसताच दोन्ही गुडघे जमिनीवर टाकायचे, ग्लव्ह पायांमधली फट बुजवेल असा खाली धरायचा, हनुवटी छातीशी घ्यायची, खांदे पुढे झुकवायचे आणि चेंडू अंगावर झेलून आपल्या पुढ्यातच पाडायचा. दुसऱ्या बेसकडे धावणाऱ्याला बाद करायला सव्वाशे फुटांहून लांबची फेक, आणि त्यासाठी हातात सुमारे दोन सेकंद. शिवाय क्लबकडे तरुण पिचर डझनांनी असतात आणि प्रत्येकाचे चेंडू कुणीतरी झेलावेच लागतात. म्हणूनच बॅट चालत नसली तरी चांगल्या कॅचरला क्लब वर्षानुवर्षं सांभाळतो. कोणता पिचर दडपणाखाली घाई करतो, कुणाला दोन शब्द सुनवावे लागतात, कुणाला नुसतं थांबवावं लागतं, हे तो अशा हंगामांतून शिकतो.

यावर कुणी म्हणेल, की एका लेलँडवरून नियम ठरत नाही. खरं आहे. पण ते एकटेही नाहीत. जो मॅडन एंजल्सच्या संघटनेत खालच्या पायऱ्यांवरच कॅचर होते. २०१६ मध्ये मॅनेजर म्हणून त्यांनी शिकागो कब्जची विजेतेपदाची १०८ वर्षांची प्रतीक्षा संपवली. ब्रायन स्निटकर १९७७ मध्ये अटलांटा ब्रेव्हजच्या संघटनेत कॅचर म्हणून आले, मेजर लीगमध्ये कधी खेळले नाहीत, आणि २०२१ मध्ये त्याच ब्रेव्हजचे मॅनेजर म्हणून विजेते ठरले. तरीही बहुतेक कॅचर दुखरे गुडघे घेऊन निमूट घरी जातात, हे मान्य करायलाच हवं. मात्र त्यांनी झेललेले चेंडू आणि सावरलेले पिचर त्यामुळे खोटे ठरत नाहीत. वर गेलेल्या प्रत्येक पिचरच्या घडणीत अशा कुणाचा तरी हात असतो.

दुसरा आक्षेप यंत्राचा. स्ट्राइक की बॉल हे कॅमेरे ठरवू लागले, चेंडूची निवड विश्लेषक करू लागले, तर या जाणतेपणाची गरज काय? मायनर लीगमध्ये तपासून घेतलेली पद्धत २०२६ पासून मेजर लीगने स्वीकारली, तिच्यातच याचं उत्तर आहे. पंचाच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क फक्त फलंदाज, पिचर आणि कॅचर यांनाच आहे, तोही तत्काळ आणि डगआउटच्या मदतीशिवाय. चेंडू सर्वांत जवळून पाहणाऱ्याच्या नजरेला यंत्राने उलट नवं काम दिलं.

मग मायनर लीगमधल्या या कामाचा मोबदला काय होता? २०२२ मध्ये तिथल्या सर्वांत वरच्या पायरीचं, म्हणजे ट्रिपल-एचं, किमान वेतन वर्षाला १७,५०० डॉलर होतं. खेळाडूंची संघटना उभी राहिल्यावर २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात ते ३५,८०० झालं. ही वाढ कुणाची मेहेरबानी नव्हे. मेजर लीगचा सगळा डोलारा खालच्या पायऱ्यांवर उभा आहे, आणि तिथे राबणाऱ्याला पुढे संधी मिळो वा न मिळो, आज केलेल्या कामाचा पुरा दाम आजच मिळायला हवा.